रंगवलेली पाठ

सुमंत खांबेटे यांना पळून जाण्यातलं जेवढं कळत होतं, तेवढं सातारा-सांगलीच्या पट्ट्यात दुसऱ्या कुणाला कळत असेल असं वाटत नाही. आता हा पट्टा असा, की इथं पळण्याविषयी कुणी बोलतच नाही. घरटी एक माणूस फौजेत, चौकात घोड्यावर बसलेला पुतळा आणि रिक्षाच्या मागच्या काचेवर ढाल-तलवार. अशा मुलखात राहून हा गृहस्थ विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसायचा आणि एकाच गोष्टीचा विचार करायचा: सैन्य पळतं ते नेमकं कधी?

वेड जुनं होतं. सुमंतराव मूळचे वाईचे. दिवाळीत सगळी पोरं अंगणात मातीचा किल्ला करायची, त्यावर अळीव पेरायची, बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजावर उभे करायची आणि भाऊबीज झाली की किल्ला विसरून जायची. सुमंतचा खेळ भाऊबीजेनंतर सुरू व्हायचा. तो सगळ्यांचे मावळे गोळा करून ओसरीवर दोन रांगा लावायचा आणि लढाई खेळायचा. पुढं लग्न झालं, सांगलीला बिऱ्हाड आलं, विश्रामबागेत फ्लॅट झाला, मुलगी ज्ञानदा शिकून बंगळुरूला गेली. मावळे काही सुटले नाहीत. ज्ञानदाच्या रिकाम्या खोलीत आता प्लायवूडचं मोठं टेबल होतं. त्यावर थर्माकोलचे डोंगर, निळ्या रंगाची नदी, आणि पुठ्ठ्याच्या पट्टीवर पाच-सहा जणांच्या तुकड्या करून चिकटवलेल्या दोन फौजा. पट्टीनं मोजून तुकडी पुढं सरकवायची आणि लढाईला फासा टाकायचा. असे खेळ परदेशात क्लब काढून खेळतात, हे त्यांना इंटरनेट आल्यावर कळलं तेव्हा थोडं वाईटच वाटलं. तोवर ते समजत होते की हे खूळ आपलं एकट्याचंच आहे.

मारामारीचे नियम त्यांनी एका सुट्टीत बसवले होते. माणूस मारणं सोपं, कागदावर तर फारच सोपं. घोडं अडलं ते पुढं. जुन्या काळच्या लढाया काही शेवटचा माणूस मरेपर्यंत चालत नसत. कुठंतरी एका बाजूचा धीर सुटायचा, एक तुकडी वळायची, तिच्यामागून दुसरी, आणि खेळ खलास. तो धीर सुटण्याचा क्षण नियमात पकडायचा होता. यात सुमंतरावांची अर्धी हयात गेली.

शेवटी जो नियम उतरला तो असा. प्रत्येक तुकडीच्या धीराला एक आकडा. तुकडीवर संकट आलं की फासा टाकायचा. फाशावर धीरापेक्षा मोठा आकडा पडला की तुकडी पळाली. नाईक पडला असेल तर धीरातून एक वजा. शेजारची तुकडी पळताना दिसली तर दोन वजा. आणि मागे आपलं कुणी उभं असेल तर एक अधिक. मागच्यानं लढायचं नाही, ढकलायचं नाही, नुसतं उभं राहायचं.

लोकांना वाटेल, यासाठी त्यांनी बखरी चाळल्या असतील. चाळल्याही होत्या, पण त्यात काही मिळालं नाही. बखरीत आपलं कुणी पळतच नाही. मग अभ्यास कशावर केला? तर स्वतःवर. या बाबतीत सुमंतरावांकडे साहित्याची वाण नव्हती. शेजारची तुकडी पळाल्यास दोन वजा, हे सोसायटीच्या वार्षिक सभेत सापडलं. पार्किंगवरून चेअरमनला जाब विचारायचा असं पाच जणांचं ठरलं होतं. पहिल्यानं तोंड उघडायच्या आत फोन आल्याचं सोंग करून गच्ची गाठली, तसा दुसरा उठला, आणि सुमंतराव जिन्यात होते तेव्हाच त्यांना आकडा सुचला: दोन. नाईक पडल्यास एक वजा, हे ऑफिसच्या संपात कळलं. आणि मागे उभं राहण्याचा नियम वाईच्या घाटावरचा. लहानपणी पुरात उडी मारायची तर सुमंतचे पाय पायरीला चिकटायचे. थोरला भाऊ अवधूत नुसता मागच्या पायरीवर येऊन उभा राहिला की उडी पडायची. अवधूत काही बोलायचा नाही. बहुतेक वेळा त्याचं लक्षही नसायचं.

आणखी एक भानगड होती. तुकडी पळाली, की ती पुठ्ठ्यासकट उलटी फिरवायची, म्हणजे पाठमोरी. पण दिवाळीच्या मावळ्याला पाठच नसते. म्हणजे असते, पण कोरी. वाईच्या बाजारात रंगूबाई कुंभारणीकडून ते दरवर्षी मावळे आणत. पुढून बघावं तर फेटा, मिशा, अंगरखा, कमरेला शेला, सगळं झोकात. मागून नुसतं पांढरं.

"रंगूबाई, पाठ का हो रंगवत नाही?" त्यांनी एकदा विचारलं.

"कशापायी?" रंगूबाई म्हणाली. "किल्ल्यावर तोंड म्होरं करून तर उभा ऱ्हायचाय त्येनं. त्येची पाठ बगायला कोन जातंय?"

"पळणारा मावळा कराल का एखादा?"

रंगूबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं की ते चार मावळे जास्तीचे घेऊन घरी आले. शत्रूही रंगूबाई करत नसे. शत्रू विकत कोण घेणार? त्यामुळं सुमंतरावांच्या दोन्ही फौजा एकाच भट्टीतल्या. निम्म्यांचे फेटे त्यांनी भगवेच ठेवले, निम्म्यांचे निळे केले. आणि मग बारीक ब्रश घेऊन सगळ्यांच्या पाठी रंगवल्या. अंगरख्याच्या चुण्या, ढालीचा तिरपा पट्टा, मानेवर घामानं चिकटलेले केस. पुढच्या बाजूपेक्षा पाठ जास्त जिवंत झाली होती.

उमाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मिरजेच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये होत्या. दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासून आलेल्या बाईला लुटुपुटूच्या लढाईचं काय अप्रूप? पण रविवारी चहा मात्र त्या दोन कप जास्तीचा टाकायच्या, कारण खालच्या मजल्यावरचे कृष्णात सुभेदार खेळायला येत. सुभेदार कवठे महांकाळकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, छाती अजून परेडला निघाल्यासारखी. खेळात ते उत्तम होते, एकच अडचण. त्यांची तुकडी पळायची नाही.

"सुभेदार, फासा सहा पडलाय. धीर तीन आहे. पळाली तुकडी."

"पळाली न्हाई. मागं सरकली."

"नियमानं पाठ फिरवायची."

"तोंड हिकडंच ठिवून मागं सरकतील की! आवं सुमंतराव, तुमी कवा रायफल धरलीया का हातात? आमची पलटण पाठ दावत न्हाई."

मग सुमंतराव म्हणायचे, "बरं, राहू द्या." त्यांच्या स्वतःच्या धीराचा आकडा दोनच्या वर कधी गेलेला नव्हता. सुभेदारांची तुकडी तोंड इकडं ठेवून टेबलाच्या कडेपर्यंत मागं सरकायची आणि कधीकधी पलीकडं खाली पडायची.

याच सुभेदारांचा भाचा ऋषिराज. साताऱ्यात त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान, आणि शिवाय किल्ले-स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा तो अध्यक्ष. मामाकडं आला असताना त्यानं टेबल पाहिलं आणि वेडाच झाला. "काका, हे सांगलीत कसं काय पडून राहिलं? दिवाळी झाली की साताऱ्यात, भर हॉलमध्ये, मोठा डेमो! आणि नियमांची पुस्तिका मी स्वतः छापतो. प्रत्येक स्पर्धकाला एक. वर तुमचं नाव."

सुमंतरावांचं नाव आजवर लग्नपत्रिका आणि मतदार यादी सोडून कुठं छापलेलं नव्हतं, आणि यादीत ते खांबटे असं होतं. ऋषिराज गेल्यावर ते बराच वेळ टेबलाभोवती उगाच फिरत राहिले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. हजारभर घरांतली पोरं आपल्या नियमानं फासा टाकतील, एवढंच त्यांना दिसत होतं.

आठवड्यानं ऋषिराजचा फोन आला. मंडळाची बैठक झाली होती. सगळ्यांना खेळ फार आवडला होता. एक किरकोळ दुरुस्ती तेवढी होती. भगव्या फेट्यांना धीराचा नियम लावायचा नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे ते पळणार नाहीत, काका. निळे पळू देत की, निळ्यांचं काही नाही. लोकांच्या भावना असतात, तुम्ही समजून घ्या. एवढं झालं की लगेच छपाईला टाकतो."

"बघू," सुमंतराव म्हणाले.

उमाताई भाजी निवडत होत्या. "झालं," त्या म्हणाल्या. "तुमच्या बघूला मी चांगली ओळखते. त्या बघूवरच तुम्ही पार्किंग घालवलंत."

"अगं, पण पुस्तिका निघतेय."

"कशाची? धीर सोडून तुमच्या खेळात दुसरं आहे काय?"

हे खरं होतं आणि म्हणूनच झोंबलं. तो नियम काढला तर उरतो तो लग्नघरात पोरं खेळवायचा सोंगट्यांचा डाव. नियम ठेवला तर पुस्तिका नाही, आणि खेळ मरेपर्यंत ज्ञानदाच्या खोलीत. उभ्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी एक गोष्ट केली होती, ती एक तर मोडून लोकांना द्यायची, नाही तर जपून कुणालाच द्यायची नाही. सुमंतरावांनी यावर सावधपणे काहीच ठरवलं नाही.

"तू येशील का साताऱ्याला?" त्यांनी विचारलं. "नुसती बसायला."

"रजा मिळाली तर येते," उमाताई म्हणाल्या. "पण धरून चालू नका."

साताऱ्यातला हॉल झेंडूच्या माळांनी भरला होता. तुळशीविवाह उरकले होते आणि संध्याकाळी तिथंच कुणाचं तरी लग्न होतं, त्यामुळं सजावट आयती मिळाली होती. मधोमध टेबल मांडलं. पहिल्या रांगेत कृष्णात सुभेदार कडक इस्त्रीत बसले होते. भगव्यांच्या बाजूनं खेळायला स्वतः ऋषिराज आणि निळ्यांच्या बाजूनं मंडळाचे उपाध्यक्ष. इथंच पहिली माशी शिंकली. बैठक चुकलेल्या उपाध्यक्षांना कुणीतरी कानात सांगितलं की निळे पळतात.

"म्हणजे मी पळपुटा काय?" ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "माझे वडील फौजेत होते! माझ्या लोकांनी पळायचं आणि ह्याच्या लोकांनी न्हाई? जमणार न्हाई."

गावकीत असे पेच सोडवायची एक पद्धत आहे: दोघांनाही सगळं देऊन टाकायचं. सल्लामसलत होऊन ठरलं की निळेही पळणार नाहीत. "काका, चालेल ना?" ऋषिराजनं विचारलं. सुमंतरावांनी मान हलवली. कुठल्या दिशेनं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

लढाई सुरू झाली. फासे पडले, मावळे पडले. नाईक पडला तरी तुकडी हलेना. एकच तुकडी उरली तरी ती आपली उभीच, कारण तिला दुसरं काही करायला परवानगीच नव्हती. पहिल्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग वाजवायचं थांबवलं. शेजारच्या खोलीतून मसालेभाताचा वास यायला लागला तशी मागची रांग उठली. ती उठलेली बघून मधली उठली. पळायला बंदी असलेल्या त्या लढाईचे प्रेक्षक मात्र अगदी नियमाबरहुकूम पळत होते, आणि सुमंतराव टेबलाच्या कोपऱ्याशी खुर्चीवर बसून मनातल्या मनात आकडे घालत होते: शेजारचे गेले, दोन वजा. बरोबर.

शेवटी भगवे संपले आणि निळेही संपले. डोंगरावर किल्ला तसाच उभा होता. तो घ्यायलाही कुणी नव्हतं आणि राखायलाही. टेबलाच्या कडेला मेलेल्या मावळ्यांचा ढीग पडला होता, अंगावर अंग टाकून. यातल्या एकेकाची पाठ रंगवायला सुमंतरावांना एकेक दुपार लागली होती, आणि आज एकाचीही पाठ कुणाला दिसली नव्हती.

ऋषिराजनं माइक घेतला. "बघा! एकही माणूस पळाला नाही!" उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. सुभेदारांनी सगळ्यांत जोरात. "आता हा नियम कसा सुचला, ते आपले खांबेटे काका सांगतील. आणि मग पुस्तिका छपाईला!"

माइक हातात आला. सुमंतराव उभे न राहता बसूनच राहिले. त्यांनी सवयीनं स्वतःचा हिशेब मांडला. धीर मुळात दोन. समोर ऋषिराज, उपाध्यक्ष आणि सुभेदार. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या. आलेला आकडा बघता फासा टाकायचीही गरज नव्हती. "धन्यवाद" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. खुर्चीच्या पाठीवर हात टेकल्याचं त्यांना स्पष्ट जाणवलं. खुर्ची किंचित हलली आणि स्थिर झाली. रजा मिळाली वाटतं, त्यांच्या मनात आलं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. रांगेतला माणूस मागे बघत नसतो.

"हा नियम माझा नाही," सुमंतराव म्हणाले.

आवाज कापत होता, पण माइक चांगला असल्यामुळं तो शेवटपर्यंत पोचला.

"माझ्या नियमात माणसं पळतात. भगवे पळतात, निळे पळतात. कारण ती माणसं आहेत. आज कुणी पळालं नाही, म्हणून कुणी उरलंही नाही. माझ्या नियमानं खेळला असतात तर यातले निम्मे घरी गेले असते, जेवले असते, आणि पुढच्या दिवाळीला परत येऊन उभे राहिले असते." त्यांनी ढिगातली एक तुकडी उचलली आणि उलटी करून धरली. "यांच्या पाठी मी रंगवल्यात. दिसत नाहीत म्हणून कुणी रंगवत नाही. मला दिसतात. पुस्तिका छापायची असेल तर या नियमासकट छापा. नाही तर राहू द्या."

मग मागून कुणीतरी "ह्येला कुनी बोलावलंय?" असं विचारलं, आणि ऋषिराजनं हसतमुखानं माइक काढून घेऊन जेवण तयार असल्याचं सांगितलं. पुस्तिकेचा विषय त्यानं काढला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

सुमंतरावांना घाम फुटला होता, पण ते बसल्या जागी होते. पळाले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच आकडा उलटा पडला होता. त्यांना हसू यायला लागलं आणि ते मागे वळले.

मागे एक लुंगीवाला पोरगेला माणूस खुर्चीची पाठ धरून उभा होता. मंडपवाल्याचा गडी, सिद्धू.

"उठताय न्हवं सायेब?" तो म्हणाला. "सगळ्या खुर्च्या गेल्या, येवढी येकच ऱ्हायलीया. पावनी यायला लागली लग्नाची."

"कधीपासून उभा आहेस तू?"

"तुमी माइक घेतला तवापासनं. मधी कसं उठवायचं म्हनून थांबलो."

सुमंतराव उठले. सिद्धूनं खुर्ची उचलली आणि तो गेला.

परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन ते बसले होते, शेजारी सुभेदार. कऱ्हाड जाईपर्यंत सुभेदार खिडकीबाहेरच बघत होते. भाच्यासमोर नाक कापलं गेलं होतं, राग येणारच. कऱ्हाडच्या पुढं त्यांनी खोकं स्वतःकडं ओढलं, एक तुकडी बाहेर काढली आणि बसच्या दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिली.

"ढालीचा पट्टा बी काढलाय व्हय," ते म्हणाले.

"हो."

"बराबर काढलाय. आमी डोंगरावरनं मागं सरकलो तवा म्होरल्याची पाठच दिसत व्हती नुसती. दिसभर." एवढं बोलून त्यांनी तुकडी जपून आत ठेवली.

रविवारी सुभेदार येतील असं सुमंतरावांना वाटलं नव्हतं. पण ते आले, नेहमीसारखे. खेळ सुरू झाला. त्यांच्या एका तुकडीवर फासा पाच पडला, धीर तीन. सुमंतराव "राहू द्या" म्हणणार, तोच सुभेदारांनी पुठ्ठा दोन बोटांत धरला आणि स्वतःच्या हातानं उलटा फिरवला.

"पळाली," ते म्हणाले. "जाऊ द्या घरला."

मग त्यांचं लक्ष पलीकडं गेलं. सुमंतरावांच्या रांगेमागं एक नवा माणूस उभा होता. रंगूबाईच्या दुकानातला डोक्यावर बोचकं घेतलेला वाटसरू. बोचकं खरवडून तिथं काडेपेटीची एक छोटी खुर्ची चिकटवलेली.

"ह्यो कोन?"

"सिद्धू. लढत नाही. नुसता उभा असतो. एक अधिक."

उमाताई चहा घेऊन आल्या होत्या. साताऱ्याची हकीकत त्यांना कळली होती. मागे कोण होतं, तेवढं नवऱ्यानं सांगितलेलं नव्हतं. आता सांगावं लागलं. खुर्चीवाल्यापर्यंत आल्यावर सुभेदार ठसका लागेपर्यंत हसले. उमाताई हसल्या नाहीत. त्यांनी तो खुर्चीवाला उचलून निरखला.

"आणि तुम्हाला वाटलं, मी आहे."

"हो."

"मी खरंच आले असते, तर दोन मिळाले असते का?"

सुमंतरावांनी नियम मनाशी पडताळून पाहिला. बायकोसमोरसुद्धा तो मोडवेना.

"नाही," ते म्हणाले. "मागे कोणीही असलं तरी एकच."

"मग बरं झालं," उमाताई म्हणाल्या आणि खुर्चीवाल्याला जागच्या जागी ठेवला. "माझी रजा वाचली."